दिवा लागला की म्हणायचं ‘आऽऽ’

पाचवी ‘ब’च्या सगळ्या वर्गानं एका सुरात ‘आऽऽ’ केलं, आणि एकाही बाकावरचा दिवा लागलेला नव्हता.

‘आऽऽ’ मात्र सुरेख झालं होतं, हे आधी सांगून टाकते. तालमीत दुसरी रांग कायम मागे राहायची. पहिली आणि तिसरी थांबली की दुसरीचं सुरू, जणू खोलीत प्रतिध्वनीची वेगळी सोय केली आहे. “दंतवैद्यापुढचं आऽऽ नको मला,” असं मी त्यांना रोज बजावत होते, “केकच्या दुकानाच्या काचेपुढचं हवं.” आज दुसरी रांगही वेळेवर आली, केकही दिसला, आणि तो आवाज विरतोय न विरतोय तोच माझी नजर पहिल्या बाकावर गेली. तिथे तारा होत्या, चिमटे होते, स्विच दाबलेला होता, आणि वाटाण्याएवढा दिवा जसा होता तसाच होता. मार्चचं ऊन आहे, मी मनाला म्हटलं, डॅन्यूबच्या बाजूच्या खिडक्या मोठ्या, उजेडात उजेड कुठे दिसणार. मी दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. मग तिसऱ्या. मन ऐकायला तयार होतं, डोळे ऐकेनात. मागच्या बाकावर, मुलांच्या खुर्च्यांत गुडघे छातीशी घेऊन, समिती बसली होती: आमचे मुख्याध्यापक चावदार पाशेव आणि जिल्हा शिक्षण कार्यालयातून आलेल्या तज्ज्ञ मालविना तोंचेवा. पाशेव समाधानानं हसत होते. तोंचेवा बाई लिहीत होत्या. फळ्याकडे पाठ करून मी इतकी वर्षं लोकांना लिहिताना पाहिलंय की पेनाच्या चालीवरून मला वाचता येतं. त्यांनी लिहिलं, ‘दिवे लागले.’

या दिव्यांवर माझी खोली अवलंबून होती. रुसे शहरातल्या आमच्या शाळेत विज्ञानाची म्हणून ही एवढी एकच खोली उरली आहे, आणि तिच्यावर नाचाच्या वर्गाचा डोळा आहे. जानेवारीत पाशेवांनी मला बोलावून घेतलं, कॉफी दिली, म्हणजे काहीतरी काढून घेणार हे कळलंच. “रुसिनोवा बाई,” ते म्हणाले, “तुमच्या खोलीत कपाटं आहेत, माणसं नाहीत. नाचाची पोरं जिन्यात होरो नाचतात. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. असा होरो कुठल्या गावात नाचतात, सांगा बघू.” मी म्हटलं, “आणि माझे प्रयोग?” ते म्हणाले, “कुठले प्रयोग?” यावर मी कॉफीत साखर घातली. मी बिनसाखरेची पिते. “खुला तास घ्या,” ते म्हणाले, “मार्चमध्ये. खोली जिवंत आहे असं समितीला दिसलं, तर खोली तुमची. नाही दिसलं तर सप्टेंबरात भिंतीला आरसे लावतो.” मला ही खोली हवी होती. तिच्यात खास काही नाही. एक पेंढा भरलेलं घुबड आहे, जुन्या रबराचा वास आहे, आणि दुपारी नदीवरून उजेड वर छतावर हलत असतो. पण घरी मी मिन्कोची बायको असते, ज्याला त्याचा चष्मा कुठे आहे हे माझ्याकडून कळून घ्यायचं असतं, आणि शिक्षकखोलीत मी ‘अजून निवृत्त नाही झालात का’ असते. इथे, कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली की, मी मी असते.

कुलपाचं सांगायचं तर, त्या कपाटात हे विजेचे संच होते. युरोपच्या कुठल्याशा प्रकल्पातून आले, प्रत्येक पेटीवर निळा, चांदण्यांचा शिक्का. आले त्या दिवशी मी सही केली आणि त्यांची जबाबदार व्यक्ती झाले. आमच्याकडे अशी सही म्हणजे लग्नापेक्षा पक्की गोष्ट. माझ्या आधीच्या शिक्षकांना या घुबडाचा एक डोळा स्वतःच्या खिशातून भरून द्यावा लागला होता, आणि नवा डोळा जुन्याशी जुळला नाही तो नाहीच. तेव्हापासून ते घुबड एका डोळ्यानं संशयानं बघतं. मी कानाला खडा लावला. संच आले त्या वसंतात मी पेट्या उघडल्या, आत किती नीटस बसवलंय ते पाहिलं, पुन्हा मिटल्या. त्यानंतर शुक्रवारी धूळ पुसायची, झाकण वर करायचं, वास घ्यायचा, झाकण खाली. नव्या बुटांसारखा वास होता. मुलं विचारायची, “बाई, त्या पेट्यांत काय आहे?” मी सांगायची, “वीज.” आणि फळ्यावर वर्तुळ काढायची, वर्तुळात दिवा, दिव्यातून किरण. माझे किरण चांगले येतात.

तालमीसुद्धा मी संचांवर घेतल्या नाहीत. वापरलेला संच समितीपुढे कसा ठेवायचा? खडूचा डबा म्हणजे बॅटरी, लोकरीचे धागे म्हणजे तारा, आणि दिव्याच्या जागी एकेक हेझलनट. “स्विच दाबा,” मी म्हणायची, मुलं खोडरबर दाबायची, आणि मग ‘आऽऽ’. सुरुवातीला हेझलनट कमी पडायचे, कारण दिवा लागून गेला की मुलं तो खाऊन टाकायची. शेवटी शेवटी इतकं छान जमलं होतं की अस्पारुह, म्हणजे आमचा पहिल्या बाकावरचा गोल चेहऱ्याचा, मोठ्या राजाचं नाव लावणारा मुलगा, दिवा लागला की डोळे बारीक करायचा, जणू त्याला तो झगझगाट सहन होत नाही. मी त्याला ते करायला सांगितलं नव्हतं. अशा मुलांमुळे शिक्षकाला काम केल्याचं समाधान मिळतं.

“मुलांनो, आपण काय पाहिलं?” मी म्हणाले. मी म्हणाले असं नव्हे, तोंड म्हणालं. तालमीचं पुढचं वाक्य तेच होतं आणि तोंड त्याच्या वेळेवर चालू होतं. सगळ्या वर्गाचे हात वर गेले. सगळेच जाणार, कारण खुल्या तासाला हात खाली राहिलेलं मूल म्हणजे शिक्षकाची नाचक्की. येत असेल त्यानं उजवा करायचा, येत नसेल त्यानं डावा, आणि शिक्षकानं उजव्यांतला एक निवडायचा. मी शाळेत होते तेव्हाही असंच होतं, पाशेव होते तेव्हाही. माझी अडचण एवढीच की मुलं माझ्याकडे तोंड करून बसतात, त्यामुळे त्यांचा डावा माझ्या उजवीकडे येतो आणि ऐन वेळी माझा गोंधळ उडतो. म्हणून खुला तास मी नेहमी मार्चमध्येच घेते. एक मार्चला सगळ्यांच्या डाव्या मनगटावर मार्तेनित्साचा लाल-पांढरा दोरा बांधलेला असतो, आणि करकोचा दिसेपर्यंत तो कोणी सोडत नाही. दोरा दिसला की त्या मुलाला विचारायचं नाही. यंदा एकही करकोचा लवकर येऊ नये म्हणून मी रोज खिडकीतून डोळ्यांत तेल घालून आभाळ बघत होते.

तर हात वर होते, बहुतेक दोऱ्याविना, आणि खिडकीजवळच्या बाकावर बिल्यानाचा हात दोऱ्याचा होता. मला वाटलं, चुकली. बिल्यानाचा डावा हात मी या वर्षात पाहिलेलाच नाही. या मुलीला सगळं येतं. आजारी असली तरी येतं. तिची आई गावात ट्रॉलीबस चालवते आणि मुलगी तिच्या मागच्या सीटवर गृहपाठ करते, त्यामुळे अक्षर वळणावर वळणावर तिरकं होतं, पण उत्तर चुकत नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिनं हात आणखी ताठ केला. दोरा कोपरापर्यंत घसरला. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या दिव्याकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावर गणिताच्या वेळी पडते तशी आठी होती.

मी अस्पारुहला उठवलं. “वर्तुळ पूर्ण झालं,” तो म्हणाला, “की त्यातून वीज वाहते आणि दिवा लागतो. आमचा दिवा लागला. आम्हाला फार आनंद झाला.” शेवटचं वाक्य माझं होतं आणि लिहिताना मला बरं वाटलं होतं. तोंचेवा बाईंनी तेही लिहून घेतलं. पाशेव घड्याळाकडे बघून, शिक्षकखोलीत समितीसाठी झाकून ठेवलेल्या बानित्साच्या दिशेनं किंचित सरकले. तिच्यातल्या गरम चीजचा वास दाराच्या फटीतून येत होता. म्हणजे झालंच. दोन वाक्यं उरली होती, मग घंटा, मग टाळ्या, मग बानित्सा, आणि खोली माझी. कोणी काही बोलणार नव्हतं. मला माहीत होतं की पाशेवांना दिसलंय. त्यांचे डोळे चांगले आहेत, जिन्यात नाचणाऱ्यांचे पाय त्यांना मोजता येतात. पण दिसलंय आणि बोललं नाही, यात आमच्या गावात कोणी कोणाचं वाईट चिंतत नाही. गेल्या उन्हाळ्यात चौकातल्या कारंज्याचं उद्घाटन झालं, फीत कापली, पाणी आलं नाही, आम्ही टाळ्या वाजवल्या, बॅंडनं दोन गाणी वाजवली आणि मिन्को तर म्हणाला, “काय गारवा आलाय बघ.” मी त्याला तेव्हा हसले होते.

आणि मग तो कोंब आठवला. का, ते कळत नाही; कदाचित कापसामुळे, पेट्यांतून निघालेला कापूस टेबलावर पडला होता. मी तिसरीत होते. आम्ही शिक्षकांना तेव्हा कॉम्रेड बाई म्हणायचो, आणि कॉम्रेड बाईंचा खुला तास होता, विषय: बी कसं रुजतं. बशीत ओला कापूस, कापसात घेवड्याचं बी. ते सोमवारी रुजायला हवं होतं, खुला तास गुरुवारी होता, आणि बी काही मनावर घेत नव्हतं. कॉम्रेड बाई म्हणाल्या, “मुलांनो, कोंब दिसतोय ना?” आम्ही म्हणालो, “दिसतोय.” मी पहिल्या रांगेत होते. मी उभी राहून सांगितलं, कोंब हिरवा आहे आणि तो सूर्याकडे वळलाय. मला शाबासकी मिळाली, दोन वेण्या असलेल्या डोक्यावरून कोणीतरी हात फिरवला. आता गंमत अशी आहे की तो कोंब मला दिसतो. अजून दिसतो. कापसाच्या कडेनं वर आलेला, खाली पांढरा, वर हिरवा, टोकाला बीचं साल टोपीसारखं अडकलेलं. माझ्या आईचा चेहरासुद्धा मला इतका स्वच्छ आठवत नाही. मी निसर्ग शिकवायला लागले ती त्या कोंबामुळे, असं मी लोकांना सांगते. आणि तो बशीत होता की नव्हता हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही. या खोलीत आत्ता सगळ्या वर्गाला एकेक दिवा लागलेला दिसत होता. अस्पारुहला तर तो म्हातारपणीही डोळ्यांत खुपेल. फक्त त्या एका मुलीला नव्हता दिसत, आणि ती डावा हात वर करून आपल्यालाच येत नाही असं सांगत होती. खोली, आरसे, पाशेव, सगळं होतंच डोक्यात, पण त्या हाताकडे बघवेना.

“बिल्याना,” मी म्हणाले.

ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “बाई, मी डावा केलाय.”

कोणीतरी फिसकन हसलं. पाशेव छताकडे बघू लागले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण आता मागे कुठे जाणार होते. “बघितलं मी,” मी म्हटलं. “तरी सांग.”

“मला कळत नाही काय झालं ते. आपण लागला म्हणालो. पण लागला नाही ना?” मग माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, ती समजावणीच्या सुरात म्हणाली, “आईच्या ट्रॉलीचे दांडे वरच्या तारेवरून निसटले की गाडी थांबते. तेव्हा ‘चालली’ असं कोणी म्हणत नाही. शिव्या देतात.”

“नाही लागला,” मी म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि ऐकताना ते एखाद्या दुसऱ्याच बाईनं म्हटल्यासारखं वाटलं, माझ्यापेक्षा उंच बाईनं. वर्गात कुजबुज झाली. अस्पारुहला हे फार लागलं. “पण बाई,” तो म्हणाला, “तालमीत लागला होता.”

“तालमीत हेझलनट होता, अस्पारुह.”

“तरी पण,” तो म्हणाला.

तोंचेवा बाईंचं पेन थांबलं होतं. मी सगळ्यांना विचारलं, हे तालमीत नव्हतं, त्यामुळे माझा आवाज बारीक झाला: “दिवा का लागला नाही, हे कोणाला सांगता येईल?” आणि हात वर गेले. सगळेच्या सगळे डावे. लाल-पांढऱ्या दोऱ्यांचं रानच उगवलं, आणि त्या रानात मागच्या बाकावरून राखाडी कोटाची एक बाही वर आली, बाहीतून एक मनगट, मनगटावर दोरा. मालविना तोंचेवा. चेहरा अगदी कार्यालयीन. “मी पंधरा वर्षं शिकवलं आहे, बाई,” त्या म्हणाल्या, “मला नियम माहीत आहे.”

पाशेव उठले. “वेळ संपत आली,” ते म्हणाले. “बानित्सा गार होतेय.”

“होऊ द्या,” तोंचेवा बाई म्हणाल्या.

“आधी लिहिलंत त्याचं काय करायचं मग?”

“खोडीन. खोडरबर दाबायला ठेवलेला नसला म्हणजे झालं.”

म्हणजे तालमीत स्विच कशाचा होता, तेही त्यांना कळलं होतं. पाशेव हसले नाहीत. ते चालत बाजूच्या भिंतीपाशी गेले, घुबडाच्या खाली उभे राहिले आणि डोळ्यांनी त्या भिंतीची लांबी मोजू लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उंची. मी समजले. आरसे. रागही आला नाही. मी बिल्यानाच्या बाकाशी वाकले, कारण कुठेतरी वाकायला हवं होतं.

इतक्या जवळून ती बॅटरीची डबी मी कधी पाहिली नव्हती. तारा ठीक होत्या. चिमटे ठीक. डबीच्या कडेतून एक पारदर्शक जीभ बाहेर आली होती, बोटाच्या पेराएवढी, पातळ प्लॅस्टिकची. ती मला पहिल्या दिवसापासून आवडायची. वाटायचं, किती काळजीनं पॅक केलंय. तास सुरू होण्याआधी मी मुलांना दम दिला होता: काहीही फाडायचं नाही, काहीही ओढायचं नाही. माझी सासू त्सोना हिनं मला असंच वाढवलं, म्हणजे लग्नानंतर. तिच्या घरात दिवाणखान्याला कुलूप असायचं आणि सोफ्यावर कारखान्याचं प्लॅस्टिक. आम्ही सगळे स्वयंपाकघरात एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे जेवायचो. काचेचे चांगले पेले पाहुण्यांसाठी होते आणि पाहुणे त्या योग्यतेचे कधी आलेच नाहीत. दिवाणखाना पहिल्यांदा उघडला तो ती गेल्यावर, तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला. त्या दिवशी सोफ्यावर बसलेल्या लोकांच्या खाली प्लॅस्टिक करकरत होतं आणि मिन्को हळूच म्हणाला होता, “दान्चे, काढूया का ते?” मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं चष्मा शोधायला घेतला. आमच्या टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. बटणं दिसत नाहीत, पण झिजतही नाहीत. मी ती जीभ दोन बोटांत धरून हलवली. ती आत, बॅटरी आणि पत्रा यांच्या मधोमध गेलेली होती. तीन वसंत मी वीज पॅक करून ठेवली होती. मला हसू यायला लागलं, आणि ते हसू थांबेना, आणि त्यात थोडं रडूही होतं हे तोंचेवा बाईंनी बघितलं असावं, कारण त्या जागेवरून उठून बाकाशी आल्या.

“ओढ ही,” मी बिल्यानाला म्हटलं.

“तुम्ही म्हणालात ओढायचं नाही.”

“आता म्हणते ओढ.”

“नक्की? फाटली तर?”

“फाटू दे.”

तिनं ओढली. बारीकसा करकर आवाज आला आणि दिवा लागला.

फार काही नव्हता. पिवळा, कमजोर, उन्हात विरघळून जाईल असा. बिल्यानानं दोन्ही तळव्यांचा आडोसा केला तेव्हा कुठे नीट दिसला, आणि तिच्या बोटांच्या कडा आतून लाल झाल्या. मागे सगळीकडे जिभा ओढल्याचे आवाज आले, मग एकेका बाकावर तळव्यांची घरं उभी राहिली, एकेका घरात उजेड. अस्पारुहनं डोळे बारीक केले नाहीत. त्यानं ते मोठे केले आणि तोंड थोडं उघडं राहिलं. तोंचेवा बाई त्याच्या बाकावर ओणव्या झाल्या होत्या, कोटाची बाही शाईत गेली होती. घंटा झाली. बाहेर जिन्यात नाचाची पोरं धावत उतरली. या खोलीतून कोणी उठलं नाही, आणि आवाज म्हणून काही नव्हता. मला स्विचवरच्या बोटांचा दाब ऐकू येत होता असं वाटलं. पाशेवसुद्धा भिंत सोडून वळून बघत होते. सप्टेंबरात आरसे लागणार, यात शंका नव्हती.

“बाई,” बिल्याना दिव्यावरून नजर न काढता हळूच म्हणाली, “आता काय म्हणायचं?”

तासाचं प्रत्येक वाक्य मी बसवलं होतं, कोणी कुठे श्वास घ्यायचा इथपर्यंत. हे बसवलं नव्हतं. “मला माहीत नाही,” मी म्हणाले. वर्गापुढे उभं राहून हे मी पहिल्यांदाच म्हणत होते, आणि ते ऐकायला माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं.